मामूंकडे जाणारा चेंडू

शेवटचा चेंडू आमच्याच वाळूत पडला. बलुची हमालांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं आणि आमचा लिफ्टर वली नेटखाली उकिडवा बसून कमरुद्दीनमामूंच्या पायांकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे बघायची त्याची छाती नव्हती. मी पाण्याचा डबा घेऊन गेलो तर पाणी राहिलं बाजूला, त्याने मलाच विचारलं, "इद्रीस, मामू काही बोलले काय?"

"बोलले. पुढच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर बैठक. सीझन का गेला ते बोलू, म्हणाले."

"फक्त एवढंच?"

"आणखी काय, शायरी म्हणायला हवी होती?"

मी थट्टा केली खरी, पण वलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ही एकोणीसशे अडुसष्टच्या मार्चमधली गोष्ट, दुबईतली. खाडीच्या देरा बाजूला, धक्क्यामागच्या सपाट वाळूत आम्ही व्हॉलीबॉल खेळायचो. नेट आम्हीच विणलेलं, खांब म्हणून मोडक्या गलबताचे दोन वासे आणि रेषा म्हणून काथ्याचा दोर. त्या साली रमजान ईद जानेवारीच्या तोंडावर आली. ईद झाली की दर शुक्रवारी मॅच सुरू. मलबाऱ्यांची टीम, पठाणांची टीम, बलुच्यांची टीम. आमची टीम बाणकोट खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या पोरांची. मी तिचा सातवा माणूस. व्हॉलीबॉल सहा जणांचा असतो, यावरून काय ते समजा. रिकाम्या तेलाच्या पिंपावर बसून मी टॉवेल सांभाळायचो आणि सगळ्यांच्या चुका काढायचो. बसलेल्या माणसाला खेळ फार छान समजतो.

वली आला तो बाणकोटहून, आदल्या सप्टेंबरात. वय एकवीस, अंगाने काडी, पण बोटं लांब आणि हलकी. आई मैमुनाबीच्या शेजारी बसून लहानपणापासून जाळी विणलेली, त्यामुळे चेंडू त्याच्या बोटांवर आला की आवाजसुद्धा होत नसे. आणि भित्रेपणात त्याचा हात धरणारा सगळ्या देऱ्यात कोणी नव्हता. तो कुत्र्याला भ्यायचा, गोऱ्या साहेबाला भ्यायचा, विजेच्या बटणाला भ्यायचा. खलाशी असून पाण्याला भ्यायचा. पण या सगळ्या भीत्या एका पारड्यात टाकल्या तरी दुसऱ्या पारड्यातले कमरुद्दीनमामू जड.

मामू म्हणजे त्याच्या आईचे चुलतभाऊ. कंपनीच्या बार्जवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. स्टीमर खोल पाण्यात उभ्या राहायच्या, त्यांचा माल बार्जवर उतरवून धक्क्याला आणायचा, हे आमचं काम. मामू पन्नाशीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी नुसतं खाकरलं तरी वली उठून उभा राहायचा. वलीला दुबईला आणलं त्यांनी, कामाला लावलं त्यांनी, आमच्या खोलीत खाट दिली त्यांनी, आणि टीमचे कप्तानही तेच. त्यांची मर्जी गेली की परतीची बोट, असं वलीने मनाशी पक्कं धरलं होतं. आमच्या गावचा एक मुलगा असाच तीन महिन्यांत परत गेला होता. त्याला गाव 'जवाबी कार्ड' म्हणायचं, गेलं तसं उत्तर घेऊन परत आलं म्हणून. त्याचं खरं नाव पुढे त्याच्या बायकोलाही निकाहाच्या वेळीच कळलं असेल. वलीला त्या नावाची धडकी होती.

आता लिफ्टरचं सांगतो. पहिला चेंडू कोणीही अडवतो, तिसरा कोणीतरी मारतो, मधला लिफ्टरचा. तो नेटजवळ उभा राहून चेंडू हलकेच वर उचलतो, आणि कोणापुढे उचलायचा हे त्यानेच ठरवायचं, तेही क्षणात. टीमचं डोकं तेच. आमच्याकडे मारणारे दोन होते. वलीच्या समोर, डाव्या टोकाला, कमरुद्दीनमामू. आणि वलीच्या पाठीमागे, उजव्या टोकाला, हनीफ. हनीफ बाणकोटच्या पलीकडच्या तीरावरचा, पाण्याचा टँकर चालवायचा, डावखुरा, तोंडाने फटकळ. त्याचा स्मॅश वाळूत पडला की खड्डा व्हायचा. पण त्याच्याकडे चेंडू पाठवायचा तर लिफ्टरने न बघता, मान न वळवता, चेंडू आपल्या डोक्यावरून मागे टाकायला हवा. हे फार थोड्यांना जमतं. वलीला जमायचं. सरावात मी डोळ्यांनी पाहिलंय.

मॅचमध्ये मात्र चेंडू आला की वली तो मामूंना द्यायचा. पुढचा मामूंना. त्याच्या पुढचाही मामूंनाच. आपल्याकडे जेवण वाढताना पहिलं वडीलधाऱ्यांच्या ताटात वाढतात, तसा हा पोरगा चेंडू वाढत होता. मी पिंपावरून ओरडायचो, "अरे, मॅच आहे की दावत?" पहिल्या मॅचला चाललं, मामूंनी पठाणांना लोळवलं. दुसऱ्या मॅचनंतर मामूंचा फटका नेटमध्ये जायला लागला. तिसऱ्या मॅचपासून समोरच्यांना अक्कल आली. त्यांनी दोन उंच माणसं मामूंसमोर उभी केली आणि हनीफला मोकळा सोडला. मोकळा हनीफ हात वर करून "दे ना, यार!" ओरडत राहायचा आणि चेंडू जायचा मामूंकडे.

मी एकदा वलीला बाजूला घेतलं. "चेंडू हनीफला दे की."

"मामू हात पुढे करून उभे असतात रे. त्यांना सोडून कसं देऊ? ते माझे मोठे आहेत."

"नेटपलीकडच्या मलबाऱ्यांना ठाऊक आहे काय, तुझे मोठे कोण ते?"

सबंध मोसमात त्याने एकच चेंडू मागे टाकला. मलबाऱ्यांविरुद्ध. कसा कोण जाणे, त्याच्या बोटांनीच तो टाकला असावा. चेंडू डोक्यावरून असा सुरेख गेला की मलबाऱ्यांचे दोघे मामूंसमोरच उड्या मारत राहिले आणि हनीफने मोकळ्या वाळूत खड्डा पाडला. मी पिंपावरून पडलो. तेवढ्यात मामूंनी वळून वलीकडे पाहिलं. एकटक, बराच वेळ. वलीने पुन्हा म्हणून चेंडू मागे टाकला नाही. आम्ही सातपैकी पाच मॅच हरलो.

म्हणून ती बैठक. आणि बैठकीत हनीफ विचारणार, हे खोलीतल्या ढेकणांनाही ठाऊक होतं. चेंडू मला का मिळाला नाही? त्यावर वली काय सांगणार? मामूंना भितो म्हणून, असं चारचौघांत म्हटलं तर मामूंची अब्रू गेली. तसं नाही सांगितलं तर नालायक ठरून लिफ्टरची जागा गेली, आणि या परमुलखात त्या पोराला स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. वाळूत उतरला की तो वेगळाच दिसायचा, हे मी पिंपावर बसूनसुद्धा कबूल करीन.

त्यातून मामूंचं वागणं बिघडलं होतं. आमच्या घराच्या अंगणात आम्ही दहा-बाराजण मिळून नमाज पढायचो आणि इमाम म्हणून मामू पुढे उभे राहायचे. महिना-दीड महिना त्यांनी पुढे उभं राहणं सोडलं होतं. घसा बसलाय म्हणाले, आणि रांगेच्या पार टोकाला, भिंतीच्या कडेला, शाल गुंडाळून उभे राहायला लागले. सगळे समजले, मामू टीमवर रुसलेत. वली समजला, आपल्यावर रुसलेत.

शनिवारी बार्जवर मामू त्याच्याशी चकार शब्द बोलले नाहीत. रविवारी बार्ज धक्क्याला लागत असताना एकदम म्हणाले, "वली, दोर तू फेक."

पहिला दोर फेकणं हा सारंगाचा मान. वलीने घाईत फेकला. दोर पाण्यात पडला, धक्क्यावरून साहेब खेकसला. दुसऱ्यांदा नीट गेला. मामू नुसते शाल सावरून बाजूला झाले. संध्याकाळी वली मला म्हणाला, "माझी चूक साहेबाला दाखवायची होती त्यांना. आता पाठवतील."

"वेडा आहेस," मी म्हटलं.

सोमवारी मामूंनी त्याचा पासपोर्ट मागितला. फक्त त्याचा. "ऑफिसात काम आहे," एवढंच म्हणाले आणि खिशात घालून चालू पडले. मग मात्र मलाही जरा धस्स झालं. वलीने जेवण टाकलं. मंगळवारी मी पाहिलं तर त्याने आपली पत्र्याची ट्रंक उघडून कपडे घड्या करून ठेवले होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण याच्या पाठीमागे तर ऑफिस, पासपोर्ट आणि बोट असे तीन लागले होते.

पुढचं मला वलीने नंतर सांगितलं. पण गोष्ट सरळ सांगायची तर ते इथेच सांगायला हवं.

गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाला वलीला उशीर झाला. रांगेत जागा उरली होती ती एकच, टोकाची, मामूंच्या शेजारी. आम्ही कोकणी शाफई पंथाचे. आम्ही नुसते सुरुवातीलाच हात उचलत नाही. रुकूत वाकताना आणि रुकूतून उठतानाही दोन्ही हात खांद्यापर्यंत नेतो. म्हणजे एका नमाजात किती वेळा ते बघा. नमाजात शेजाऱ्याकडे बघू नये, पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाचे डोळे ऐकत नाहीत. मामूंचा डावा हात खांद्यापर्यंत गेला. उजवा शालीखाली छातीपाशीच अडकला. पुढच्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी मामूंनी दात आवळलेले वलीला दिसले, आणि कपाळ टेकलेल्या सजद्यातून उठताना त्यांनी सगळा भार डाव्या हातावर टाकला. वली नमाजाची किती आवर्तनं, किती रकात पढला ते त्याला आठवेना.

नमाज संपली, लोक उठले. मामू भिंतीला टेकून बसून राहिले. वलीने सगळं बळ गोळा केलं.

"मामू, तुमचा हात..."

मामूंनी झटकन अंगणभर नजर फिरवली. वलीने तो चेहरा आजवर पाहिला नव्हता. ते घाबरले होते.

"कोणाला बोललास?"

"नाही मामू. अल्लाशपथ."

"बोलू नको. रूममध्ये कळलं की धक्क्यावर कळतं, आणि धक्क्यावर कळलं की साहेबाला. हात वर न जाणारा सारंग कंपनी ठेवील काय? दुसऱ्या मॅचला खांद्यात कट्‌ झालं ते झालंच. सीझनभर दात आवळून मारत राहिलो, आता हात छातीपलीकडे जातच नाही. मे महिन्याची बोट आली की सुट्टीवर जाईन. गावाला हाडवैद्य आहे, बसवील, इन्शाल्ला. तोपर्यंत दोन महिने काढायचेत."

"मग खेळत का राहिलात मामू?"

"कप्तान एकदम बसला तर लोक का म्हणून विचारतील." मग म्हणाले, "आणि तू द्यायचास ना. वाटायचं, आता तरी हा पोरगा दुसरीकडे देईल. मलबाऱ्यांच्या मॅचला तू हनीफला दिलास, तेव्हा मला वाटलं, सुटलो. बघत राहिलो तुझ्याकडे. आणि पुढचा चेंडू तू परत मला!"

ते हसले. वलीला रडू फुटलं. ज्या नजरेला तो महिनाभर भ्याला होता ती नजर शाबासकीची होती.

"पासपोर्ट?" त्याने विचारलं.

"तुझं नाव पर्मनंट खलाशांच्या लिस्टमध्ये घातलं. आजवर माझ्या नावावर होतास. मी गेलो तर तुलाही जावं लागलं असतं. आता मी असो नसो, तू राहशील. शनिवारी पासपोर्ट घेऊन ये ऑफिसातून."

वलीची स्वतःबद्दलची भीती तिथे संपायला हवी होती. संपलीही असेल. पण तिच्या जागी दुसरी आली, आणि ती जास्त वाईट होती. आता मामूंचं गुपित त्याच्यापाशी होतं, आणि उद्या दुपारी हनीफ विचारणार होता. इतकी वर्षं धक्का गाजवलेल्या माणसाची रोजी आपल्या एका वाक्यावर आहे, या विचाराने त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी जुम्मा झाला. दस्तरखान घातलं, भात आणि सुरमईचं कालवण वाढलं. मी मुद्दाम वलीच्या समोर बसलो, मजा बघायला. होय, मजा बघायला. मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, आणि मला त्याची जागा हवी होती. दोन घास झाले नाहीत तोच हनीफने तोंड उघडलं.

"मला जेवण जात नाही. आधी बोलून टाकू. सात मॅच खेळलो. फ्रायडेला एक्स्ट्रा ड्यूटी सोडून खेळलो. आणि चेंडू किती मिळाले? मामू, तुमच्याबद्दल इज्जत आहे, पण तुमचे फटके सगळे नेटमध्ये जात होते. का जात होते? आणि ह्या वलीला दिसत नव्हतं काय? समथिंग इज राँग, मी सांगतो. कोणीतरी काहीतरी लपवतंय."

मामूंनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. तोंडावर विचारल्यावर त्यांना खोटं बोलता येत नसे. तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला त्याची सवय नसते.

"हनीफ, ऐक," ते म्हणाले. "खरी गोष्ट अशी आहे की माझा..."

"मामू, तुम्ही बोलू नका."

वलीने मामूंना मध्येच तोडलं होतं. ज्याला मामूंच्या खाकरण्याने उभं राहावं लागायचं त्याने. आम्ही बघतच राहिलो. भाताची शितं त्याच्या बोटांवरून दस्तरखानावर गळत होती.

"मी लपवलं," तो म्हणाला. "मला मागे लिफ्ट करता येत नाही. समोर जमतं, मागे नाही जमत. चेंडू कुठे जाईल याची भीती वाटते. म्हणून सगळे मामूंना दिले, तेही खालून, वाकडे. त्यांचे फटके नेटमध्ये गेले ते माझ्यामुळे. मामू बिचारे वाकड्या चेंडूवर काय मारणार?"

"आणि मलबाऱ्यांच्या मॅचला दिलास तो?" हनीफने विचारलं.

अख्ख्या मोसमात वलीने केलेली ती एकच गोष्ट होती, जिची आठवण सगळ्या देऱ्याला होती.

"तो हातातून निसटला," तो म्हणाला. "चुकून गेला मागे."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. हनीफने कपाळावर हात मारला. "या अल्ला! सीझनभर आमचा लिफ्टर आणि त्याला लिफ्टच येत नाही!" राग हसण्यात विरून गेला. माणसं पुन्हा जेवायला लागली. मामूंच्या फटक्यांचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

मामू मात्र जेवत नव्हते. ते वलीकडे बघत होते आणि वली मान हलवून त्यांना नको नको म्हणत होता. मी ते पाहिलं, पण मला वाटलं, माफी मागतोय. निकाल कप्तानाने द्यायचा असतो. सगळे त्यांच्याकडे वळले तेव्हा मामूंनी पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला, एक घोट घेतला, आणि इतक्या हळू बोलले की टोकाच्या माणसांना ऐकूही गेलं नाही.

"खलास. पुढच्या सीझनला लिफ्टर इद्रीस."

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? भाताची दुसरी वाढ घेतली.

खुशी शनिवारी दुपारपर्यंत टिकली. सराव सुरू केला आणि कळलं की मागची लिफ्ट मला बापजन्मी यायची नाही. चेंडू एकदा खाडीत गेला, एकदा माझ्याच पाठीवर पडला. ड्यूटी सुटल्यावर मी वलीला गोदामाच्या मागे नेलं. म्हटलं, तुला येत नाही ते ठीक, पण मला चेंडू तरी टाकत बस. तो नको नको म्हणत होता. माझं बघून अखेर त्याला राहवलं नाही. त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि म्हणाला, "तू मागे उभा राहा. हात वर धर. हलवू नको."

मी चेंडू त्याच्याकडे टाकला. त्याने न बघता, मान न वळवता, डोक्यावरून मागे सोडला, आणि तो माझ्या तळहातावर येऊन बसला. परत टाकला, परत तिथेच. दहा चेंडू टाकले, दहाच्या दहा तळहातावर. मला एकदाही बोट हलवावं लागलं नाही.

"हरामखोरा!" मी ओरडलो. "काल सगळ्यांसमोर काय सांगितलंस?"

त्याने माझं तोंड दाबलं. मग वाळूत बसून सगळं सांगितलं. नमाज, खांदा, पासपोर्ट, मे महिन्याची बोट. सांगताना दर वाक्याला मागे वळून बघत होता. मला कुराणाची शपथ घातली. मी पिंपावरून सबंध मोसम पाहिला होता आणि मला काहीच दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"चल," मी म्हटलं, "ऊठ. मला शिकव."

मी अकरावा चेंडू टाकला आणि त्याच वेळी गोदामाच्या कोपऱ्यावरून हनीफ येताना दिसला, टँकरची किल्ली बोटात फिरवत. वलीने त्याला पाहिलं. चेंडू वरून बरोबर त्याच्या बोटांवर येत होता. त्याने बोटं मिटली. चेंडू कपाळावर आपटला आणि वाळूत घरंगळत गेला.

हनीफ पोट धरून हसला. "सोड रे वली, तुझ्याने नाही होणार."

"नाही होत," वली म्हणाला, आणि चेंडू आणायला धावला.